डोमेनचे डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) दुसरीकडे हलवायचे आहे. ग्राहकांचे ईमेल चुकू नयेत यासाठी काय करावे?

सुटेभाग

भोसरी एमआयडीसीत आमचे छोटे वर्कशॉप आहे. सीएनसी मशीनवर सुटे भाग तयार करून आम्ही मोठ्या कंपन्यांना पुरवतो. परचेस ऑर्डर, सुधारित ड्रॉइंग आणि माल नाकारल्याची सूचना हे सगळे आमच्याकडे ईमेलनेच येते. सुधारित ड्रॉइंग एक दिवस उशिरा हाती आले, तर तोपर्यंत जुन्या मापाने कापलेला माल भंगारात जातो. त्यामुळे मेल बंद पडणे आम्हाला परवडत नाही.

आमचे डोमेन डॉट कॉम असून ते एका रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) आमच्याच नावावर नोंदवलेले आहे. मेल गूगल वर्कस्पेसवर आहेत. मात्र वेबसाइट ज्यांनी करून दिली, त्यांच्या सीपॅनेल (होस्टिंग सांभाळण्याचे सॉफ्टवेअर) असलेल्या होस्टिंगवरच डोमेनचे डीएनएसही आहे. ते आता हा व्यवसाय बंद करत आहेत आणि महिनाअखेरीस सर्व्हर बंद होईल असे त्यांनी रीतसर कळवले आहे. मदत करायची त्यांची तयारी आहे. डीएनएस क्लाउडफ्लेअर या डीएनएस सेवेवर न्यावे आणि वेबसाइट दुसऱ्या होस्टिंगवर, असा माझा विचार आहे.

ज्यांना विचारले ते सगळे सांगतात की नेमसर्व्हर (डोमेनची डीएनएस उत्तरे देणारा सर्व्हर) बदलल्यावर ४८ तास मेल येत नाहीत, म्हणून हे काम शनिवारी रात्री करावे. हे खरे आहे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सर्व्हरशेजारी

४८ तास हा आकडा खरा आहे, पण त्याचा अर्थ मेल बंद पडणे असा नाही. नीट पूर्वतयारी केली तर एकही मेल चुकू नये.

तुमच्या बाबतीत चार गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, त्या आधी कागदावर वेगळ्या लिहून काढा : डोमेनची नोंदणी, डीएनएस, वेबसाइट आणि मेलपेट्या. तुम्ही फक्त डीएनएस आणि वेबसाइट हलवणार आहात. मेलपेट्या गूगलकडे आहेत व तिथेच राहणार आहेत. मेल डीएनएसमधून वाहत नाही. पाठवणाऱ्याचा सर्व्हर डीएनएसला एवढेच विचारतो की या डोमेनची मेल कोण स्वीकारतो, आणि एमएक्स रेकॉर्डमधून उत्तर मिळाले की तो थेट गूगलशी बोलतो. म्हणून प्रश्न एकच उरतो : हा प्रश्न कोणीही, कधीही आणि कोणत्याही नेमसर्व्हरला विचारला, तरी त्याला बरोबर उत्तर मिळेल का?

आता ४८ तासांविषयी. तुमच्या डोमेनचे नेमसर्व्हर कोणते, याची नोंद डॉट कॉमच्या मुख्य सर्व्हरांवर असते आणि तिचा टीटीएल (उत्तर लक्षात ठेवण्याची मुदत) १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो. ज्या रिझॉल्व्हरने (इतरांच्या वतीने डीएनएसला विचारणाऱ्या सर्व्हरने) ही नोंद काल घेतली असेल, तो आणखी दिवसभर जुन्याच नेमसर्व्हरकडे जाऊ शकतो. ज्याने आताच घेतली तो नव्याकडे जाईल. म्हणजे या काळात काही कंपन्यांचे मेल सर्व्हर जुन्याला विचारतील, काही नव्याला. दोन्हीकडे एमएक्स सारखेच असेल, तर कोण कुठे विचारतो याने काडीचाही फरक पडत नाही. जुना सर्व्हर लगेच बंद केला किंवा नवा अर्धवट भरलेला असला, तरच मेल चुकते. या कामातले निम्म्याहून अधिक यश क्रमात आहे : आधी नव्या ठिकाणी सर्व रेकॉर्ड पूर्ण भरायचे, मग तपासायचे, मग रजिस्ट्रारकडे नेमसर्व्हर बदलायचे, आणि त्यानंतरही जुने डीएनएस किमान आठवडाभर जसेच्या तसे चालू ठेवायचे.

महिनाअखेरीस सर्व्हर बंद होणार असेल, तर नेमसर्व्हर शेवटच्या आठवड्यात बदलू नका, त्याआधीच बदला.

सुटेभाग

हे फारच स्पष्ट झाले, आभार. नव्या ठिकाणी डोमेन जोडल्यावर त्यांनी आपणहून रेकॉर्ड शोधून भरले आहेत. वेबसाइटचा ए रेकॉर्ड (सर्व्हरचा पत्ता), डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि गूगलचे पाच एमएक्स त्यात दिसतात. हे पूर्ण आहे असे समजावे का?

ताम्हण

कृपया तसे समजू नका. एखाद्या डोमेनमध्ये असलेली सगळी नावे सांगा, असा प्रश्न बाहेरच्याला डीएनएसला विचारता येत नाही. पूर्ण झोन (डोमेनच्या सर्व रेकॉर्डांची यादी) उतरवून घेण्याची सोय असते, पण ती बाहेरच्यांसाठी जवळजवळ सर्वत्र बंद ठेवलेली असते, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे असे आपोआप शोधणारे साधन नेहमीची नावे एकेक विचारून पाहते. ज्या नावाचा अंदाज त्याला येत नाही, ते निसटते आणि निसटल्याची सूचनाही मिळत नाही.

सर्वात जास्त निसटतात ते डीकेआयएमचे (मेलवरच्या डिजिटल सहीचे) रेकॉर्ड, कारण त्यांचे नाव सिलेक्टरवर, म्हणजे सहीच्या चावीला दिलेल्या नावावर, अवलंबून असते. गूगलचा सिलेक्टर बहुधा 'गूगल' याच नावाचा असतो, म्हणून तो सापडू शकतो. पण बिले पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचा सिलेक्टर काहीही असू शकतो.

तुमच्याकडे जुन्या होस्टिंगवाल्यांचे सहकार्य आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. सीपॅनेलमधल्या झोन एडिटरमधली संपूर्ण यादी किंवा झोन फाइलच त्यांच्याकडून मजकूर स्वरूपात मागून घ्या आणि नव्या पॅनेलातील नोंदींशी ओळीने पडताळा. ज्यांना असे सहकार्य मिळत नाही त्यांच्यासाठी एक उपाय सांगतो, तो तुम्हीही फेरतपासणीसाठी वापरा. तुमच्या डोमेनच्या नावाने जिथून जिथून मेल जाते, त्या प्रत्येक ठिकाणाहून एक मेल स्वतःच्या खासगी जीमेलवर पाठवा. कार्यालयातली नेहमीची मेल, बिलाचे सॉफ्टवेअर, वेबसाइटवरचा चौकशी अर्ज, हजेरीचे यंत्र अहवाल पाठवत असेल तर तेही. मग त्या मेलचे मूळ रूप उघडून डीकेआयएम सहीची ओळ पाहा. त्यात 'एस' या अक्षरापुढे सिलेक्टर आणि 'डी' पुढे डोमेन लिहिलेले असते. त्या दोहोंवरून रेकॉर्डचे नेमके नाव कळते.

हिशेबनीस

मी तांत्रिक मनुष्य नाही, लहान कारखान्यांचे हिशेब पाहतो. पण माझ्या अशिलांच्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते.

पहिली, रजिस्ट्रारच्या खात्याला कोणता ईमेल पत्ता जोडलेला आहे, हे आजच पाहा. तो याच डोमेनवरचा असेल आणि उद्या मेल अडली, तर पासवर्ड बदलण्याची किंवा लॉगिनच्या कोडची मेलही त्याच अडलेल्या पेटीत जाईल आणि दुरुस्तीची वाट स्वतःच्या हाताने बंद होईल. आधी तो पत्ता बाहेरच्या, मालकाच्या ताब्यातील मेलवर न्या आणि एकदा लॉगिन करून खात्री करा. डीएनएसच्या नव्या खात्यालाही हेच लागू आहे.

दुसरी, दिवस निवडताना कराच्या तारखा पाहा. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी असते. पोर्टलचे ओटीपी, बँकेच्या सूचना, ग्राहकांकडून बिलांच्या दुरुस्त्या हे सगळे त्या दिवसांत मेलवर येत असते. तेवढे दिवस मोकळे सोडा.

सर्व्हरशेजारी

हिशेबनीस यांचा पहिला मुद्दा मी स्वतः सर्वात वर लिहायला हवा इतका महत्त्वाचा आहे.

सुटेभाग, अपुरे रेकॉर्ड असताना नेमके काय होते ते सविस्तर लिहितो, कारण इथेच मोठा गैरसमज आहे. डीएनएसकडून काही काळ उत्तरच आले नाही, तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो व पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. मेलच्या प्रमाणित नियमांनुसार, म्हणजे २००८ च्या आरएफसी ५३२१ नुसार, किमान चार ते पाच दिवस प्रयत्न करत राहणे अपेक्षित आहे. अशी मेल उशिरा का होईना, पोहोचते. धोका उत्तर न मिळण्यात तेवढा नाही, जेवढा चुकीचे उत्तर ठामपणे मिळण्यात आहे.

समजा नव्या झोनमध्ये वेबसाइटचा ए रेकॉर्ड आहे पण एमएक्स नाही. तेव्हा पाठवणारा सर्व्हर नियमानुसार ए रेकॉर्डच्याच पत्त्यावर मेल द्यायला जातो, म्हणजे तुमच्या वेबसाइटच्या सर्व्हरवर. तिथे तुमच्या मेलपेट्या नाहीत. तो सर्व्हर 'असा कोणी इथे नाही' असे सांगून मेल कायमची नाकारतो आणि ग्राहकाला तत्काळ बाउन्स (मेल पोहोचली नसल्याची सूचना) जातो. तिथे चुकून तुमच्या नावाची जुनी पेटी उरलेली असेल तर त्याहून वाईट, कारण मेल तिच्यात पडून राहते आणि पाठवणाऱ्याला ती पोहोचली असेच वाटते. शिवाय 'असा रेकॉर्ड नाही' हे उत्तरही रिझॉल्व्हर काही काळ लक्षात ठेवतात. किती काळ, ते झोनच्या एसओए रेकॉर्डवरून ठरते. त्यामुळे चूक दहा मिनिटांत सुधारली तरी तिचा परिणाम लगेच संपत नाही. नेमसर्व्हर आधी बदलून मग निवांत रेकॉर्ड भरू, असे कधीही करू नये ते यासाठी.

बदलण्याआधी तपासणी करायची ती नव्या नेमसर्व्हरला थेट विचारून. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप हे साधन असते. त्याला आधी रेकॉर्डचा प्रकार, मग डोमेन आणि शेवटी नेमसर्व्हरचे नाव दिले की तो नेहमीच्या रिझॉल्व्हरला बाजूला ठेवून थेट त्याच नेमसर्व्हरला विचारतो. प्रत्येक रेकॉर्ड आधी जुन्याला, मग नव्याला विचारा आणि उत्तरे शेजारी ठेवून पाहा. काही रजिस्ट्रारांकडे नेमसर्व्हर त्यांचे केल्याशिवाय रेकॉर्ड भरताच येत नाहीत. अशा ठिकाणी ही पूर्वतपासणी शक्य नसते, म्हणून मी अशी सेवा निवडत नाही.

गोदाकाठ

धागा फार उपयुक्त आहे. आमचे द्राक्षनिर्यातीचे काम आहे आणि आमच्या मेलपेट्या मात्र होस्टिंगच्याच सर्व्हरवर आहेत. आम्ही डीएनएस क्लाउडफ्लेअरवर नेले तर काही वेगळे लक्षात ठेवावे लागेल का?

ताम्हण

हो. तुमचा एमएक्स बहुधा 'मेल' या सबडोमेनकडे किंवा खुद्द डोमेनच्या मुख्य नावाकडे बोट दाखवत असेल. क्लाउडफ्लेअरमध्ये प्रत्येक ए रेकॉर्डपुढे नारिंगी किंवा करडा ढग असतो. नारिंगी म्हणजे वाहतूक त्यांच्या मधल्या सर्व्हरमधून जाईल. ती सोय वेबसाइटपुरती आहे. मेल ज्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर येते, ती वाहतूक त्यातून पुढे जात नाही. म्हणून 'मेल' हा रेकॉर्ड करडाच ठेवा आणि एमएक्स मुख्य नावाकडे असेल तर तो बदलून 'मेल' कडे वळवा. तुमच्या फोनमध्ये व आउटलुकमध्ये सर्व्हरचे जे नाव भरलेले आहे, तेही करडेच हवे, नाहीतर पेटी उघडणार नाही.

आणि मेलपेट्याही हलवायच्या असतील, तर ते काम डीएनएसबरोबर एकाच दिवशी काढू नका. दोन्हींत काही बिघडले तर दोष कुठला हे कळायला मार्ग राहत नाही. युरोपच्या खरेदीदारांशी हंगामात पत्रव्यवहार चालू असताना तर नकोच.

सुटेभाग

झोन फाइल मिळाली आणि पडताळणी केली. बिलाच्या सॉफ्टवेअरचा डीकेआयएम रेकॉर्ड आणि डीमार्कचा (ओळख न पटलेल्या मेलचे काय करावे हे सांगणारा) रेकॉर्ड असे दोन्ही नव्या पॅनेलात नव्हते. ताम्हण यांनी सांगितले नसते तर हे लक्षात येणे अवघड होते.

यादीत एसपीएफची (डोमेनच्या नावाने मेल पाठवण्याची परवानगी असलेल्या सर्व्हरांची) ओळ फार लांब आहे, तिच्यात जुन्या सर्व्हरचा पत्ताही आहे. ती आताच आटोपशीर करावी का? शिवाय एका परिचितांनी सांगितले की गूगलचे पाच एमएक्स आता लागत नाहीत, एकच पुरतो.

उत्तरमशागत

माझ्या मते हीच साफसफाईची योग्य वेळ आहे. एकदा हात घातलाच आहे तर जुना कचरा नव्या घरात कशाला न्यायचा?

सर्व्हरशेजारी

उत्तरमशागत, तुमच्या मताचा आदर राखून मी असहमत आहे. या बदलाची सारी सुरक्षितता जुनी आणि नवी उत्तरे तंतोतंत सारखी असण्यावर उभी आहे. ती सारखी असतील तर फरक दिसताच चूक ओळखता येते. साफसफाई सुरू केली की यादीत मुद्दाम केलेले फरक आणि चुकून झालेले फरक एकमेकांत मिसळतात. शिवाय वेबसाइट जुन्या सर्व्हरवर आहे तोवर चौकशी अर्जाची मेल तिथूनच निघते, म्हणून तो पत्ता एसपीएफमध्ये असणे आज आवश्यकच आहे. वेबसाइट हलल्यावर, जुने डीएनएस पूर्ण बंद झाल्यावर, शांतपणे ती ओळ सुधारा. एमएक्सचेही तेच. २०२३ पासून गूगल नव्या ग्राहकांना एकच एमएक्स देते हे बरोबर आहे, पण जुने पाचही व्यवस्थित चालतात.

रेकॉर्ड हाताने उतरवताना काही ठिकाणी नजर ठेवा. बहुतेक पॅनेले नावापुढे डोमेन आपणहून जोडतात. तुम्ही पूर्ण नाव लिहिले तर डोमेन दोनदा लागते आणि रेकॉर्ड दिसायला असतो पण विचारल्यावर सापडत नाही. एसपीएफचा रेकॉर्ड एकच असावा. दोन असतील तर तपासणारा दोन्ही अवैध ठरवतो. डीकेआयएमची २०४८ बिटांची चावी २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, म्हणून झोन फाइलमध्ये ती अवतरणचिन्हांत तोडून लिहिलेली असते. नव्या पॅनेलात ती अखंड घालायची की तोडून, हे त्या पॅनेलावर अवलंबून आहे. खात्री एकाच प्रकारे होते, नव्या नेमसर्व्हरला विचारून आलेले उत्तर जुन्याशी अक्षरशः जुळवून. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांच्या ओळखीबाबतचे नियम कडक केले आहेत, त्यामुळे डीकेआयएम चुकले तर तुमची बिले ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाण्याची शक्यता पूर्वीपेक्षा वाढली आहे.

नव्या झोनमध्ये सर्व रेकॉर्डांचा टीटीएल पहिला आठवडा ३०० सेकंद ठेवा. काही चुकलेच तर नव्या झोनमध्येच दुरुस्त करा. घाबरून नेमसर्व्हर पुन्हा जुने करू नका, कारण त्या उलट्या बदलालाही तेच दोन दिवस लागतात.

रानजाई

एका गोष्टीचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहिते. डोमेनवर डीएनएससेक (डीएनएस उत्तरांवर डिजिटल सही करण्याची सोय) चालू आहे का, हे रजिस्ट्रारच्या पॅनेलात पाहा. तिथे डीएस रेकॉर्ड असेल, तर वरचे सर्व नीट करूनही डोमेन बंद पडू शकते. डीएस म्हणजे डॉट कॉमच्या सर्व्हरवर ठेवलेली तुमच्या जुन्या सहीची खूण. नव्या ठिकाणची उत्तरे त्या सहीची नसल्यामुळे सही तपासणारे रिझॉल्व्हर, उदाहरणार्थ गूगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१, ती उत्तरे खोटी मानून टाकून देतात. फसवी बाब अशी की सही न तपासणाऱ्या इंटरनेट जोडणीवर सगळे सुरळीत दिसते. त्यामुळे तुमच्या कार्यालयातून वेबसाइट उघडते आणि ग्राहकाची मेल मात्र अडलेली असते.

डीएस असेल तर तो आधी काढावा, डॉट कॉमसाठी त्याचा टीटीएल एक दिवसाचा आहे म्हणून त्याहून थोडे अधिक थांबावे, मगच नेमसर्व्हर बदलावे आणि नव्या ठिकाणी सगळे स्थिरावल्यावर पुन्हा डीएनएससेक सुरू करावे.

सुटेभाग

डीएस रेकॉर्ड नाही, पाहून घेतले. आता शेवटची शंका दिवसाची. शनिवारी रात्रच योग्य ना?

सर्व्हरशेजारी

मी मंगळवार किंवा बुधवारची सकाळ सुचवेन. दोन्हीकडची उत्तरे सारखी असल्यामुळे रहदारी कमी असलेली वेळ शोधायचे कारणच उरत नाही. उलट कामाच्या दिवशी जुने होस्टिंगवाले फोनवर मिळतात, रजिस्ट्रारचे मदत केंद्र चालू असते आणि मेल खरोखर येत आहेत का हे तासाभरात कळते. शनिवारी रात्री काही बिघडले तर ते सोमवारी ग्राहकाकडूनच कळते. आणि त्या दिवशी वेबसाइट हलवू नका. फक्त नेमसर्व्हर बदला.

सुटेभाग

बुधवारी सकाळी नेमसर्व्हर बदलले. मेल एकदाही खंडित झाली नाही. तीन मुख्य ग्राहकांच्या खरेदी विभागांना आदल्या दिवशी कळवून ठेवले होते. त्यांच्याकडून बाउन्सची तक्रार नाही. बिलाच्या सॉफ्टवेअरमधून जीमेलवर पाठवलेल्या मेलवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही उत्तीर्ण दिसतात.

त्यानंतरच्या आठवड्यात वेबसाइट नव्या होस्टिंगवर नेली आणि आता एक विचित्र गोष्ट दिसते. बाहेरून येणारी सगळी मेल व्यवस्थित येते, पण वेबसाइटवरच्या चौकशी अर्जाची मेल येत नाही. बाउन्सही नाही.

ताम्हण

नवे होस्टिंगही सीपॅनेलचे असेल तर ईमेल राउटिंग हे पान उघडा. तिथे 'लोकल मेल एक्सचेंजर' निवडलेले असण्याची दाट शक्यता आहे. त्याचा अर्थ, या डोमेनची मेल आपल्याकडेच असते असे तो सर्व्हर मानतो. मग तो एमएक्स विचारतच नाही आणि अर्जाची मेल स्वतःच्याच पोटात ठेवतो. ते 'रिमोट' करा. आतापर्यंतच्या चौकशा त्या होस्टिंगच्या वेबमेलमध्ये, खात्याच्या मुख्य पेटीत पडलेल्या सापडतील, त्या आधी वाचून घ्या. शिवाय अर्जाची मेल आता नव्या सर्व्हरवरून निघते, म्हणून एसपीएफमध्ये त्याचा पत्ता घालावा लागेल, किंवा त्याहून चांगले म्हणजे अर्ज गूगलच्या एसएमटीपीमधून (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरमधून) पाठवण्याची व्यवस्था करावी.

सुटेभाग

अगदी तेच होते. राउटिंग 'रिमोट' केल्यावर लगेच मेल येऊ लागली. मुख्य पेटीत चार चौकशा मिळाल्या, त्यांपैकी एक चाकणच्या कंपनीची होती आणि तिला आजच कोटेशन पाठवले. जुन्या होस्टिंगवाल्यांना आता सर्व्हर बंद करायला सांगू का?

सर्व्हरशेजारी

नेमसर्व्हर बदलून आठवडा उलटला आहे, म्हणजे दोन दिवसांची मुदत केव्हाच संपली. रजिस्ट्रारच्या पॅनेलात जुन्या नेमसर्व्हरचे एकही नाव उरलेले नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहा. कधीकधी चार रकान्यांपैकी पहिले दोन बदललेले असतात आणि खालचे दोन जुनेच राहतात. नंतर त्यांना सांगा की सर्व्हर बंद होईपर्यंत थांबू नका, तुमच्या डोमेनचे खाते आणि झोन आजच काढून टाका, कारण ते तिथे आहे तोवर त्याच सर्व्हरवरच्या इतर ग्राहकांनी तुम्हाला पाठवलेली मेल तिथल्या तिथेच अडकू शकते. त्यानंतर एसपीएफमधला जुना पत्ता काढा, टीटीएल ३०० वरून ३,६०० करा आणि झोन फाइलची एक प्रत संगणकाबाहेरही जपून ठेवा.